कठड्यावरच्या चिंध्या

आमच्या घरात वरच्या मजल्यावर पाणी सांडलं तर आधी पुसायचं आणि मग कोणी सांडलं ते विचारायचं. हा नियम नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बाकी घरात त्यांचं फारसं चालत नसे. भाजी काय करायची, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, आम्हा दोघी बहिणींनी किती शिकायचं, हे सगळं माय ठरवायची. पण जिन्याच्या वरच्या पायरीपासून पुढे नानांचं राज्य सुरू व्हायचं, कारण तिथून सागाची जमीन सुरू व्हायची.

घर तळोद्यात, बाजारपेठेच्या टोकाला. खाली स्वयंपाकघर, न्हाणी आणि सामानाची खोली, सगळीकडे शहाबादी फरशी. वर एक मोठी खोली, तिच्यामागे धान्याच्या कोठीची आणि अंथरुणांची लहान खोली, आणि पुढे रस्त्यावर झुकलेली अरुंद लाकडी गॅलरी. नानांची लाकडाची वखार गावाबाहेर, अक्कलकुव्याच्या रस्त्याला. घर बांधताना त्यांनी वरची जमीन फळ्यांची केली, पण सगळ्या फळ्या एकदम जमल्या नाहीत. तीन खेपांत जमल्या. त्यामुळे गॅलरीजवळच्या फळ्या लालसर होत्या, मधल्या पिवळट आणि कोठीच्या खोलीतल्या जुन्या मधासारख्या काळपट. आलेल्या माणसाला नाना ते तिन्ही रंग दाखवायचे आणि म्हणायचे, साग आहे, याला पाणी काही करत नाही, याच्या होड्या होतात. हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगावर आलं.

मायचं माहेर तापीकाठचं. तिथे घरभर मातीची जमीन, आठ दिवसांनी शेणाने सारवलेली. सारवलं की जमीन नवी होते, असं तिचं सरळ गणित होतं. जिला कधी पाणी लागत नाही अशी जमीन स्वच्छ कशी म्हणायची, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. रोज सकाळी ती वरची खोली झाडायची आणि कोरडं फडकं फिरवायची, पण चेहरा असा असायचा की तिला कोणी पाण्याशिवाय आंघोळ करायला सांगितलंय.

आता सगळे मला विचारतात म्हणून पद्धत सांगूनच टाकते. लाकडी जमिनीचा पहिला शत्रू पाणी नाही, वाळू. पायाबरोबर आलेला एक खडा महिनाभरात जेवढे ओरखडे पाडतो तेवढे कपाट सरकवून पडत नाहीत. म्हणून चपला खाली, आणि जिन्याच्या तळाशी गोणपाट, त्यावर पाय घासूनच वर. झाडायला शिंदीचा मऊ झाडू, खराटा नाही. आठवड्यातून एकदा वखारीतून टोपलीभर भुसा यायचा. तो हाताला जेमतेम ओलसर लागेल इतपत शिंपडून जमिनीवर पसरायचा आणि झाडत न्यायचा. धूळ भुशाबरोबर जाते, उडत नाही. हळद सांडली तर लगेच कोरडा भुसा दाबायचा, चोळायचं नाही. ताक सांडलं तर पुसून तिथे तेलाचं बोट फिरवायचं. आणि वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात फळ्या आकसून त्यांच्यातल्या फटी दिसायला लागल्या की उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. पातळ म्हणजे लावून पुन्हा पुसून काढायचा. जमिनीला हवं तेवढं ती पिते, उरलेलं चिकट होऊन बसतं आणि त्यावर सगळी धूळ येऊन बसते.

त्या फटींतून आमचं अर्धं आयुष्य खाली ऐकू जायचं. जिन्यापासूनची तिसरी फळी कुरकुरायची, आणि कुरकुरण्याच्या लांबीवरून माय स्वयंपाकघरात बसून सांगायची, नाना आले की माझी मोठी बहीण शोभाताई. दुपारी वर पडून राहिलं की खालून लसूण कांडल्याचा आवाज पाठीला लागायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर भाजली की वास फटींतून वर यायचा आणि आपोआप उठायला व्हायचं. मला हाक मारायची गरज कधी पडली नाही.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी ताईचं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि तिची पहिली आखाजी होती. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी येण्याचा सण. मुलीला आणायला भाऊ जातो. आम्हाला भाऊ नाही आणि नानांचा पाय वखारीतून निघत नव्हता, म्हणून ताईच्या सासऱ्यांनी शहाद्याकडून निरोप पाठवला की मीच लेकीला घेऊन येतो आणि आखाजीचं जेवूनच जातो. नवा व्याही पहिल्यांदा घरी जेवणार. मायने त्या दिवसापासून घराकडे व्याह्याच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली.

आखाजीला वाडवडिलांच्या नावाने घागर भरतात. गव्हाच्या राशीवर पाण्याने भरलेली नवी मातीची घागर, तिच्यावर आंबा आणि रव्याची गोड सांजोरी. आमचा देव्हारा वर, म्हणून घागरही वर. सण आठ दिवसांवर आला आणि एका सकाळी नाना वखारीत गेल्यावर मायने पदर खोचला. न धुतलेल्या जमिनीवर सासूसासऱ्यांची घागर मांडायची नाही, असं तिने मला सांगितलं. मी तेरा वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती, बादल्या वर पोचवायचं काम माझं. तिने अकरा बादल्या पाणी ओतलं आणि खराट्याने घासलं. उन्हाळ्यात तहानलेल्या फळ्यांनी ते पाणी आवाज न करता पिऊन टाकलं. उरलेलं फटींतून खाली गेलं, जिथे आम्ही चार दिवस खपून केलेल्या कुरडया उन्हातून आणून परातीत ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या कडा वर आल्या होत्या. अनवाणी चाललं की प्रत्येक फळीची धार पायाला लागायची. कोठीच्या खोलीचं दार अर्धं उघडून अडकलं. नानांनी ते दार दोनदा ढकलून पाहिलं, खाली आले आणि जेवायला बसले. ताट संपत आलं तेव्हा मायच बोलली.

"तुम्हीच सांगतस ना, सागन्या होड्या व्हतस. होडी काय पानीमा फुगस का?"

"होडीले दार नही ऱ्हास," नाना म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्यांनी सायसिंगदादाला वखारीतून घरी पाठवलं. सायसिंग धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. वखारीत करवतीवर काम करायचा, मागच्या खोलीत राहायचा, आणि सुतारकाम असं जाणायचा की तालुक्याचे सुतार त्याच्याकडे रंध्याचं पातं लावून घ्यायला येत. वय नानांएवढंच असेल. घरची भाषा पावरी, आमच्याशी वखारीत शिकलेली अहिराणी बोलायचा, तीही जपून. तो आला, जमिनीला हात लावला आणि चार दिवस काहीही करायचं नाही म्हणून सांगून गेला. ओल्या फळीला रंधा मारला तर वाळल्यावर ती खड्ड्यात जाते. मायला ते चार दिवस चारशे वाटले असतील.

पाचव्या दिवशी तो रंधा, पॉलिश पेपर आणि उकळलेल्या तेलाचा डबा घेऊन आला आणि मी त्याची मदतनीस झाले. काम सुरू करायच्या आधी त्याने देव्हाऱ्यासमोर नाही, तर खोलीच्या कोपऱ्यात लाकडाला चिमूटभर दाणे वाहिले. फळीवर पाय देऊन उभं राहून कोणाला शिवी द्यायची नाही, असं मला बजावलं. अर्धवट रंधलेली फळी ओलांडायची नाही, हेही. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी तेल पुसलेल्या चिंध्या मी गोळा करायला लागले तेव्हा त्याने माझ्या हातातून त्या काढून घेतल्या.

"चिंध्यासना गठ्ठा करू नको. पसार. नही त पानीमा बुडाड. तेल ताप धरस."

तेल ताप धरतं. मी हे त्या दाण्यांच्या आणि शिव्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. डोंगरातल्या लोकांचं असतं असं काहीतरी, असं आम्ही बाजारपेठेतले लोक फार सहज म्हणायचो. तेल म्हणजे काय माणूस आहे ताप धरायला? पण तो सांगेल तसं करायचं म्हणून मी रोज संध्याकाळी सातही चिंध्या गॅलरीच्या कठड्यावर एकेक पसरत होते. पाण्यात बुडवायचा प्रश्न नव्हता. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, आणि अकरा बादल्यांचा विषय घरात अजून ताजा होता.

आखाजीच्या दिवशी पहाटेच सायसिंग आला. जिन्याजवळची पट्टी येण्याजाण्यासाठी त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. तुमचा सण ना, असं मायने विचारलं तर म्हणाला, आमचा सण होळी. तासाभरात त्याने तेवढी पट्टी तेल लावून पुसून काढली, चिंध्या कठड्यावर पसरल्या, हत्यारं गोळा केली आणि खाली ओट्यावर बसून एक बिडी ओढून वखारीत गेला. बिडी तो ओट्यावरच ओढायचा. मायला तिचा वास आवडायचा नाही, पण ओटा तिचा नव्हता.

जमीन काय दिसत होती ते सांगायचं तर तिन्ही रंग पहिल्यांदा एका घरातले वाटत होते. मायने पाट मांडून गव्हाची रास केली, घागर ठेवली, आणि मग पुढच्या गॅलरीत जाऊन खाली रस्त्याकडे बघितलं. आमचा कठडा बाजारातून येणाऱ्या माणसाला आधी दिसतो, घर नंतर.

"सुमे, त्या चिंध्या उचल. याही ई ऱ्हायनात आन् दारवर तेलन्या चिंध्या टांगेल शेत."

मी उचलल्या. कुठे ठेवायच्या ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खाली पुरणाचा हंडा उतरवायचा होता, आंबे पिळायचे होते, ताईला द्यायची साडी इस्त्री करायची होती. मी सातही चिंध्या एकत्र मुरगाळून दुरडीत कोंबल्या, दुरडी कोठीमागे सरकवली आणि वास येऊ नये म्हणून वरून जुनी गोधडी दडपली. जमेल तितकी घट्ट दडपली, कारण मला कामं नीट करायची सवय होती.

अकराला जीप आली. ताई उतरली, सासरे उतरले. मोठे, बोलके, फेटा बांधलेले गृहस्थ. वर गेले, घागरीला हात जोडले, जमिनीकडे बघून म्हणाले की असं घर आमच्या पंचक्रोशीत नाही. माय त्या वाक्यावर दिवसभर जगली असती. मग सगळे खाली जेवायला बसले. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, म्हणजे ओल्या होऊनही वाचलेल्या. नाना आणि सासरे पहिल्या पंगतीला. रस दुसऱ्यांदा वाढून झाला तेव्हा मायने मला वरून आंब्याची पाटी आणायला पाठवलं. जिन्यातच मला वास आला, रंगाच्या जुन्या डब्यासारखा आणि करपलेल्या पापडासारखा. वर गेले तर कोठीच्या खोलीच्या दारातून धूर जमिनीलगत सरपटत येत होता.

मी खाली येऊन सांगितलं की वर धूर आहे. ओरडले नव्हते, असं ताई अजून सांगते. सगळ्यात आधी माय वर पोचली. तिने गोधडी ओढली आणि हवा लागल्याबरोबर गुडघ्याएवढी ज्वाळ उठली. तिने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यात जवळचं पाणी घागरीत होतं. तिने वरचा आंबा आणि सांजोरी बाजूला ठेवली, म्हणजे फेकली नाही, नीट ठेवली, घागर उचलली आणि सासूसासऱ्यांच्या नावाचं पाणी त्या ज्वाळेवर ओतलं. मग नानांनी, शेजाऱ्यांनी, अगदी ताईच्या सासऱ्यांनी सुद्धा जिन्यावर उभं राहून बादल्या दिल्या. पाव तासात सगळं संपलं. दुरडी गेली, गोधडी गेली, दोन फळ्या बोटभर खोल जळाल्या, परातीएवढा काळा गोल राहिला. पाणी फटींतून खाली रसाच्या वाट्यांमध्ये ठिबकत होतं आणि या वेळी कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

म्हटलं ते नंतर. सगळे ओट्यावर जमले तेव्हा आग लागली कशी हा प्रश्न आला, आणि ताईच्या सासऱ्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी येताना ओट्याशी पडलेलं बिडीचं थोटूक पाहिलं होतं, आणि सकाळी वर सायसिंगचं काम चालू होतं हे त्यांच्या कानावर होतं.

"तो मानूस सकाय वर व्हता ना? बिडी पेस तो. आखो काय दखनं शे?"

आगीची बातमी पोचून वखारीतली माणसं आली होती, त्यात सायसिंगही होता. त्याच्या हातात रिकामी बादली होती. तो म्हणाला, "मी वर बिडी वढी नही." एवढंच. नव्या व्याह्याने, पहिल्याच जेवणात, सर्वांसमोर एक गोष्ट सांगितली होती आणि नानांना ती खोडायला काही कारण हाताशी नव्हतं. त्यातून लाकडाच्या वखारीत आगीबाबत बेफिकीर माणूस म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकदा का ते नाव लागलं की तळोद्यातली काय, नंदुरबारपर्यंतची कुठलीच वखार त्या माणसाला दारात उभं करणार नव्हती.

सायसिंगने नानांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"बाई, चिंध्या कोठे व्हत्यात?"

आमच्या घरात कोणी मुलांना मारत नसे, तेव्हा माराची भीती नव्हती. मायची साडी चिंब होती. ताई दारात उभी राहून रडत होती. सासरे माझ्याकडे बघत होते. मला भीती वाटली ती खरं सांगितल्यावर जी शांतता झाली असती तिची.

"कठडावर व्हत्यात," मी म्हणाले.

हे खोटं होतं असंही नाही. सकाळी होत्याच. सायसिंगने मान हलवली, जणू एखादं माप घेतलं आणि ते जमलं नाही. नानांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या जीपने तो धडगावला गेला. रंधा आमच्या जिन्याखालीच राहिला.

मी स्वतःला सांगितलं की बिडीची ठिणगी दुरडीत पडली असेल. दोन दिवस ते पुरलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला एक साधी गोष्ट अडायला लागली. ज्याच्यावर बिडीचा आळ आला आहे, तो माणूस चिंध्यांचं का विचारेल? बिडी कुठे टाकली, कधी ओढली, ओट्यावर ओढली हे कोणी पाहिलं, हे बोलायचं सोडून चिंध्या? मला पश्चात्ताप वगैरे झाला असं मी म्हणणार नाही. मला ते गणित सुटत नव्हतं, आणि न सुटलेलं गणित मला झोपू देत नाही.

डब्यात तेल उरलं होतं. दुपारी माय पडली असताना मी जुन्या साडीचे सात तुकडे केले, तेलात भिजवून पिळले, घट्ट मुरगाळले, एका जुन्या टोपलीत घातले, वर गोधडीचा तुकडा दडपला आणि टोपली परसात धुण्याच्या दगडावर ठेवली. आसपास जळण्यासारखं काही नाही हे बघितलं. शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि घड्याळ दिसेल अशी मागच्या दारात बसले. पहिला तास काही नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. दुसऱ्या तासात आत हात घातला तर चिंध्या कोमट होत्या. ऊन असेल म्हणून टोपली सावलीत ओढली. थोड्या वेळाने पुन्हा हात घातला, आणि अंगात ताप असलेल्या माणसाच्या काखेत हात घातल्यासारखं लागलं. तेल ताप धरतं. त्याने मला जे सांगितलं होतं त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. मग तो वास आला, करपलेल्या पापडाचा, आणि गोधडीच्या कडेतून दोऱ्याएवढा धूर निघाला.

मी मायला उठवलं. ती आली, धूर बघितला, कुठे काडी आहे का म्हणून आजूबाजूला बघितलं, मग गोधडी उचलून चिंध्यांना हात लावला आणि झटक्यात काढला. मी तिला सांगितलं, दुरडीत काय होतं आणि कोणी ठेवलं होतं. ती दगडावर बसली.

"मीच सांगं तुले, उचल म्हनीसन," ती म्हणाली.

अकरा बादल्यांनंतर तिला दुसरी चूक कबूल करायची होती, तीही व्याह्याच्या मोठेपणासाठी केलेली. ती ते माझ्यावर टाकू शकली असती. गप्पही राहू शकली असती, सायसिंग तर गेलाच होता. तिने चिंध्या बादलीत बुडवल्या, आणि शेजारणीच्या मुलीला वखारीत पाठवून नानांना बोलावून घेतलं. ते आल्यावर आम्ही नवा गठ्ठा केला आणि तिघं परसात बसून राहिलो. नानांनी दोन तास त्या टोपलीवरून नजर काढली नाही. धूर निघाला तेव्हा उठून त्यांनी टोपी घातली. उद्याच धडगावला जातो म्हणाले.

"हाई पोर बी ई," माय म्हणाली. "खोटं ती बोलनी. तोंड बी तिन्हंच लागी."

घाटात मला दोनदा उलटी झाली. जीपमध्ये कोंबड्या होत्या, बियाण्याच्या पिशव्या होत्या, आणि नाना आख्ख्या रस्त्यात दोनच वाक्यं बोलले, दोन्ही ड्रायव्हरशी. धडगावहून पुढे तासभर चालावं लागलं. सायसिंग त्याच्या कुडाच्या घरापुढे सावलीत बसून नांगराचा दांडा तासत होता. त्याच्या बायकोने खाट टाकली, पाणी दिलं. नानांना बोलायचं होतं, पण त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याने दांडा बाजूला ठेवून मला तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला.

"चिंध्या कोठे व्हत्यात?"

"दुरडीमा. गोधडीखाल."

"कोन ठेव्यात?"

"मी."

त्याने मान हलवली. या वेळी माप जमलं होतं. नाना म्हणाले की चूक आमची झाली, तू उद्यापासून ये. सायसिंगने दांड्यावरून अंगठा फिरवला.

"सेठ, हाई वखारमा सांगा. सर्वासले."

नानांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत सुरू व्हायच्या आधी, सगळ्या माणसांना उभं करून, आणि शेजारच्या दोन्ही वखारींच्या मालकांना बोलावून. फार बोलले नाहीत. आग आमच्या घरच्या चुकीने लागली, सायसिंगने आधीच बजावलं होतं, आम्ही ऐकलं नाही. मायने मलाही तिथे पाठवलं होतं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, तरी मला वखारीपासून घरापर्यंतचं अंतर फार लांब वाटलं.

सायसिंग परत आला, जळालेल्या दोन फळ्या काढून नव्या बसवल्या. आज त्या कुठल्या हे मलाही सांगता येत नाही, साग आपोआप काळवंडतो. पण त्या दिवशी संध्याकाळी त्याने एक गोष्ट केली. चिंध्या मला पसरू दिल्या नाहीत. माझ्यासमोर त्याने त्या मोजल्या, सात, आणि स्वतः पसरल्या. पुढची बारा-तेरा वर्षं, हात थरथरायला लागून त्याने काम सोडलं तोवर, दर उन्हाळ्यात तो आमच्याकडे तेलाचा हात द्यायला आला. माझ्याशी नेहमीसारखा बोलायचा, मला रंधा धरायला त्यानेच शिकवलं. चिंध्या मात्र त्याने एकदाही माझ्यावर सोपवल्या नाहीत. मला राग आला नाही. मीही सोपवल्या नसत्या.

आता वखार नाही. त्या घराच्या खालच्या मजल्यावर माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, आणि उकळलेलं अळशीचं तेल नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी चिंध्यांचं सांगते. निम्मे लोक हसतात. हसणाऱ्याला मी पावती देण्याआधी दुसऱ्यांदा सांगते. परवा ताईच्या मुलीने नाशिकच्या नव्या फ्लॅटमधल्या लाकडी जमिनीचा फोटो पाठवला आणि विचारलं, मावशी, हिला कोणतं तेल? मी तिला कळवलं की ती जमीन लाकडाची नाही, लाकडाच्या फोटोची आहे, तिला फक्त पिळलेलं फडकं पुरे. ती जरा नाराज झाली. तिच्या आजोबांनाही, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनाही, स्वतःचं चुकलेलं ऐकायला आवडायचं नाही, पण त्यांनी ते एकदा ऐकलं, ते सांगून थांबते.

पुढच्या वर्षीच्या आखाजीला तेच पुन्हा ताईला घेऊन आले. त्या वर्षी सायसिंगने पहाटे शेवटचा हात दिला, चिंध्या कठड्यावर पसरल्या आणि तो वखारीत गेला. माय घागर मांडून गॅलरीत आली. मी तिच्या मागे उभी होते, ती काय म्हणते ते ऐकायला. एक चिंधी वाऱ्याने दुमडली होती. मायने ती सरळ केली, कडा ताणून, जशी ती देव्हाऱ्यातलं वस्त्र सरळ करायची, आणि खाली पुरण उतरवायला गेली.

जीप आली. सासरे उतरले आणि फेटा सावरत वर बघत उभे राहिले. आमच्या दारावर, भर सणाला, सात तेलकट चिंध्या. माय ओट्यावर गेली. मी वरून सगळं बघत होते.

"हाई काय शे, याहीनबाई?" त्यांनी विचारलं. हसण्यावारी न्यायच्या तयारीत होते.

"चिंध्या शेत, दादा. मांगला साले आग यासनीच लावी. सायसिंगनी नही."

त्यांनी पुन्हा वर बघितलं. माझी नजर चुकवली नाही. नाना दारात येऊन उभे राहिले होते. मग सासऱ्यांनी विचारलं की तो माणूस आता कुठे असतो.

"वखारमा. जेवाले ई ऱ्हायना," माय म्हणाली. "उना म्हंजे तुम्हीच सांगा त्याले."

तो दुपारी आला. पहिल्या पंगतीला नानांच्या एका बाजूला व्याही आणि दुसऱ्या बाजूला सायसिंग बसला. रस वाढताना मायने हात कोणाकडे कमी-जास्त केला नाही, असं ताई सांगते. सासरे त्याला काय म्हणाले, किती म्हणाले, तो काय म्हणाला, ते मी ऐकलं नाही. मी वर होते, कठड्याशी. मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं. सातही होत्या, सुट्या आणि गार.